तेरा अक्षरांचा निरोप

रविवारी दुपारी दोन वाजता रावसाहेबांनी फ्रिज बंद केला, तेव्हा सुशीलाबाईंनी एवढंच विचारलं, "दुधाचं काय करू?"

"दोन तासांचा प्रश्न हाय."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या रावसाहेबांकडे हौशी रेडिओचं लायसन्स होतं, हडपसरच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात गच्चीवरून खाली आणलेली एरियलची तार होती आणि सुनेच्या, म्हणजे शेफालीच्या, जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम होता. जगाच्या दुसऱ्या टोकाहून निघालेला क्षीण संदेश खरखरीत बुडून जाई, कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. हा प्रोग्राम तो तळातून अलगद वर काढी. एक मिनिट आपण पाठवायचं, पुढचं मिनिट नुसतं ऐकायचं. एका वेळी तेराच अक्षरं, मोकळ्या जागा धरून. ते ऐकण्याचं मिनिट रावसाहेबांना फार आवडे. पडद्यावर निळ्या पाण्यासारखी खरखर झिरपत असे, मधूनच एखादी पिवळी रेघ उजळे, आणि खिडकीबाहेरचे आयटी कंपन्यांचे काचेचे मनोरे विरघळून तिथे समुद्र लागे.

त्या समुद्रापलीकडे, फॅरो नावाच्या बेटांवर, योहानस राहायचा. मेंढ्या राखता राखता म्हातारा झालेला. दोन वर्षं दोघं आठवड्यातून एकदा भेटत होते, पण एकमेकांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. नावसुद्धा कळलं ते त्याच्या पोस्टकार्डावरून. मागच्या आठवड्यात दुसरं कार्ड आलं होतं: 'सोमवारी वृद्धाश्रमात जातोय. तिथे तार बांधू देत नाहीत. रविवारी, तुमच्या चार वाजता, शेवटचं भेटू.'

तेव्हापासून रावसाहेब तेरा अक्षरं शोधत होते. इंग्रजीत 'गुडबाय फ्रेंड' लिहिलं तर चौदा होत होती.

"मग 'फ्रेंड' काढून टाका ना, बाबा," शेफाली म्हणाली होती.

"आन मग उरलं काय?"

आणि आज ऐन वेळी पडद्यावर पिवळ्या रेघा तर दिसत होत्या, पण एकीचंही अक्षर होत नव्हतं. विजेच्या उपकरणांनी हवेत गोंगाट केलाय, असं रावसाहेबांनी ठरवलं. फ्रिज गेला, पंखे गेले, तरी अक्षर नाही. मग ते खालच्या माधवरावांकडे गेले. त्यांच्या माशांच्या टाकीला पंप होता.

"दोन तास बंद ठेवता का जरा?"

"माशांना विचारून सांगतो," माधवराव म्हणाले, आणि पंप बंद केला.

तरीही नाही. शेवटी रावसाहेब सोसायटीचे चेअरमन सर्जेराव यांच्यापुढे उभे राहिले. इमारतीच्या जागेवर एकेकाळी रावसाहेबांचा ऊस उभा असे. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. साडेतीनला सर्जेरावांनी आख्ख्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढला.

अशी शांतता हडपसरने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. बॅटरीवरचा रेडिओ हळूच खरखरत होता. रावसाहेब डोळे मिटून बसले. आता येईल. आता बेटावरून वारा सुटेल.

"अवो, मी मधीच लटकलेय!" असा आवाज आला.

तो बेटावरून नव्हता. लिफ्टमधून होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, जाळीच्या दारामागे, सर्जेरावांच्या पत्नी प्रेमलाबाई उभ्या होत्या. मेन स्विच पुन्हा वर गेला, दिवे आले, लिफ्ट मात्र हलेना. मेकॅनिक येरवड्याहून निघाला होता.

"येरवड्याचा हाय ना?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "मग कोंडलेल्या मानसांची सवय असंल."

रावसाहेब खाली मान घालून लॅपटॉपपाशी परतले. रेघा होत्या. अक्षर नव्हतं. सोबत म्हणून सुशीलाबाई लिफ्टपाशी थांबल्या.

"किती वाजले वो?" प्रेमलाबाईंनी विचारलं. "माझ्या मनगटावर पावणेचार."

सुशीलाबाईंनी दारातून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चाराला धा कमी."

"तुमचं पुढं हाय."

"आमच्यातली समदीच पाच मिन्टं पुढं असत्यात. न्हाईतर शेफालीची कंपनीची बस चुकती." मग त्या जरा अभिमानाने म्हणाल्या, "काल बघितलं तर त्या लॅपटॉपचंच मागं ऱ्हायलं होतं. तेबी मी अंदाजानं पुढं सारलं. ह्यांची चारची वेळ चुकाया नको!"

आत रावसाहेबांनी ते ऐकलं. त्या प्रोग्रामला वेळ सेकंदाला सेकंद जुळलेली लागे. जग बोलत होतं, पण लॅपटॉप मिनिटाच्या मधेच, भलत्या वेळी कान उघडत होता. रागवायलाही वेळ नव्हता. दर सेकंदाला टिकटिक करून वेळ सांगणारं एक परदेशी केंद्र त्यांनी रेडिओवर शोधलं, आणि मिनिटाच्या ठोक्यावर धाडकन बटण दाबून लॅपटॉपचं घड्याळ जुळवलं.

पुढच्याच मिनिटाला रेघांना अक्षरं फुटली. जपान. ओमान. इटली. आणि चारच्या ठोक्याला, सगळ्यांत फिकट रेघेवर, योहानस.

आता पाळी रावसाहेबांची होती, आणि सगळे शब्द पळून गेले होते. 

सुशीलाबाई मागे येऊन उभ्या होत्या, अपराध्यासारख्या. "म्हाताऱ्याला इचारा," त्या हळूच म्हणाल्या, "च्या झाला का म्हनून."

रावसाहेबांनी इंग्रजीत 'हॅड युवर टी' लिहिलं. प्रश्नचिन्ह दिलं. मोजलं. बरोब्बर तेरा.

संदेश गेला. मग ऐकण्याचं मिनिट आलं. निळं पाणी सावकाश झिरपत राहिलं. त्यात कुठेतरी गवती छपराचं घर, बांधून ठेवलेल्या ट्रंका, खिडकीशी बसलेला एक माणूस. पिवळी रेघ उजळली, थरथरली. अक्षरं उमटली:

'नॉट येट. यू?'

तीही तेराच. त्यानंतर रेघ खरखरीत उतरत गेली आणि पुन्हा वर आली नाही. गुडबाय म्हणायचं दोघांचंही राहून गेलं. रावसाहेबांनी ते तीन शब्द पुन्हा वाचले. आपल्याला वाईट का वाटत नाही, हे त्यांना कळेना.

लिफ्ट खडखडली. प्रेमलाबाई जाळीचं दार सरकवून तडक आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"एवढा जीव टांगला माझा. काय म्हनला त्यो?"

"त्याचा च्या व्हायचाय, म्हनला."

"माझाबी," प्रेमलाबाई म्हणाल्या.