बापटांचे चार नऊ

बापटसाहेबांशी हात मिळवायची सोय नाही. तुम्ही हात पुढे केलात की ते मागे सरकतात आणि ओरडतात, "सोडियम!" घामात मीठ, मिठात सोडियम, म्हणून. वसईत राहून हा माणूस मिठाशी वैर धरतो! इथे हवा खारी, बोअरचं पाणी खारं. एवढाच त्रास होता तर नागपूरला जायचं होतं, आमच्या डोक्यावर कशाला बसलात?

आमचा कारखाना वसई पूर्वेला. मी स्टोअर सांभाळतो, ते मुख्य केमिस्ट. बॉक्साइट हा जांभ्याच्या नात्यातला लाल दगड. तो कॉस्टिक सोड्यात उकळून काढलेली पांढरी भुकटी आमच्याकडे येते. ती भाजली की झाला ॲल्युमिना. बाकी जगाचं तेवढ्यात भागतं. पण आमच्या एलईडीवाल्या गिऱ्हाइकाला चार नऊ हवेत, म्हणजे नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के शुद्ध माल. आणि सोड्यातलं सोडियम भुकटीला चिकटून बसतं. ते घालवायला आधी ॲसिड, मग क्षार काढलेल्या डीएम पाण्याने धुणं, पुन्हा पुन्हा धुणं.

त्या पाण्याच्या टाकीजवळ मी एकदा नुसता फिरकलो, तर म्हणाले, "हे पाणी तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे. लांबून बघा." हे काय बोलणं झालं?

पॅकिंगला पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली रोझीबाई आहे. तिच्या डब्यात सुके बोंबील निघाले, तेव्हा साहेबांनी डबा थेट गेटबाहेर ठेवायला लावला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, आमच्या घरातला पानी खारा, अंगातला घाम खारा. आमी काय नवी कातडी शिवून आनायची?"

"जमत असेल तर आणा," साहेब म्हणाले.

या उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. दिवसकार्य उरकलं तरी साहेब कामावर येईनात. मोठ्या ऑर्डरचा शेवटचा लॉट धुवायचा राहिला होता आणि ते धुणं त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही. तो गेला नाही तर गिऱ्हाईक तुटणार आणि आम्ही सगळे घरी बसणार. मी तणतणत आचोळ्याला त्यांच्या फ्लॅटवर गेलो आणि दारातच सुनावलं, "साहेब, आमच्याही चुली आहेत!"

ते शांतपणे म्हणाले, "मला यायचंय हो. पण हल्ली डोळे कधी भरून येतात कळत नाही. टाकीवर वाकलो आणि पडला एखादा थेंब, तर? अख्खा लॉट जाईल."

एका थेंबाने काय होतंय, हे माझ्या ओठावर आलं होतं. त्या माणसाला ते सांगवेना.

कारखान्यात येऊन हे सांगितलं तर रोझीबाई माझ्यावरच भडकली. "मंग तुमी त्यांना तसाच एकटा सोडून आला? आना त्यांना. मी बघते."

दुसऱ्या दिवशी साहेब टाकीपाशी उभे राहिले. शेजारी हातमोजे घालून रोझीबाई, हातात पांढरा रुमाल. धुणं सुरू झालं आणि व्हायचं तेच झालं, साहेबांचे डोळे भरले. ती पुढे झाली तसे साहेब मागे सरकले. "रुमाल कुठल्या पाण्यात धुतलात?"

"टाकीतल्या तुमच्याच पान्यात, सर. रागवायचा तर मंग रागवा."

साहेबांनी चष्मा काढला आणि चेहरा तिच्यापुढे केला.