गारठवलेली पिन

वावानने विमानाच्या इंजिनाच्या कवचातल्या भोकातून, भोक तासून नेमक्या मापाचं करणाऱ्या रीमरचा शेवटचा फेरा हलक्या हाताने काढला आणि मापाचा गज आत सोडला. गज हवा तस्सा बसला. आता कवचाचे दोन भाग जुळवून धरणारी डॉवेल पिन ठोकायची, कवच मिटवायचं, तपासनीस पाक रुस्दींची, म्हणजे रुस्दीसाहेबांची, सही घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने ईदला आईकडे पळायचं. गेल्या ईदलाही असंच एक इंजिन आडवं आलं होतं आणि आई फोनवर रडली होती.

ही पिन भोकापेक्षा केसभर जाड असते. गारठून आकसली की मगच आत जाते. बांडुंगच्या त्या कारखान्यात या मापाची एकच पिन उरली होती. वावानने सकाळी ती कँटीनवाल्या बू एनुंगकडून, म्हणजे एनुंगमावशींकडून, मागून घेतलेल्या बर्फकांडीच्या लांबट पिशवीत घालून कँटीनच्या फ्रीझरमध्ये ठेवली होती. आता उघडून बघतो तर पिशवी गायब! रोजा सोडताना खायच्या, नारळाच्या दुधाच्या बर्फकांड्या तेवढ्या ओळीने पडलेल्या.

"बू, माझी पिशवी कुठंय?"

"ती रिकामी? भरली की मी. म्हटलं, एवढीच कशी राहिली!"

"अहो, त्यात पिन होती!"

"मग सांगायचं नाही? विमानाचं सामान माझ्या खाऊत कशाला घुसवतोस रे?"

वावानने लोहचुंबक आणून एकेका कांडीवरून फिरवलं. एकही चिकटेना.

"सगळ्या वितळवून बघू या, बू."

"हात तर लावून बघ! चुंबकाला कळतंय, तुला नाही कळत?" बू एनुंगने कांड्या मोजल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एक कमी आहे. पण रोज्याच्या दिवसांत भरदुपारी खाणार कोण?"

आता पाक रुस्दींना सांगणं भाग होतं. कॉफीचा वास घेतला म्हणून त्यांनी सकाळीच एका फिटरला सगळ्यांदेखत झापलं होतं. गाडी गेलीच असं धरून वावानने त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. आतली कडी बऱ्याच वेळाने निघाली. पाक रुस्दी गालाला रुमाल लावून उभे होते.

"पिन हरवली, पाक. चूक माझीच."

"हरवली कुठे? ही घे." आवाज चक्क मऊ होता. "जिन्यात सापडली."

पिन बर्फासारखी गार होती आणि तिला नारळाचा वास येत होता. वावानला असं हसू फुटलं की त्याने ते खोकल्यात घालवलं.

पिन धुतली, मोजली, पुन्हा गारठवली, आणि ती भोकात अलगद उतरली. एरवी तीनतीनदा सगळं उकलायला लावणाऱ्या पाक रुस्दींनी एकदाच वाकून माप घेतलं आणि पेन काढलं.

"पिनचा कडकपणा तपासायचा राहिला, पाक," वावान भोळ्या चेहऱ्याने म्हणाला.

पाक रुस्दींचा हात गालाकडे गेला.

"तपासलाय मी," ते पुटपुटले. "तू नीघ आता, गाडी चुकेल."