तेलकट डोक्याचा शकुन

शनिवारी सकाळी सोक्कलिंगम लंगोट लावून मागच्या अंगणातल्या दगडावर बसले होते, डोक्यापासून टाचेपर्यंत तिळाच्या तेलाने निथळत. अर्धा तास तेल जिरवायचं, मग शिकेकाई, मग कढत पाणी, हा बापजाद्यांचा नेम. निवृत्तीनंतर त्यात अँटिऑक्सिडंटची भर पडली होती. वर्तमानपत्रात तो शब्द वाचल्यापासून ते घाणेवाल्यालाही तेलाचे गुण शिकवत.

बायको उमैयाळ धावत आली. "अहो, मुलाकडचे आलेत. तिरुनळ्ळारला शनीच्या दर्शनाला गेले होते, येता येता डोकावले."

"उद्या येणार होते ना?"

"आज आलेत. तुम्ही तोंड दाखवू नका."

मुलाचे वडील वेलायुदम शकुनापुढे देवाचंही ऐकत नसत. एक स्थळ त्यांनी मांजरापायी मोडलं होतं, दुसरं शिंकेपायी. तेलकट डोक्याचा माणूस सामोरा येणं तर मांजराच्याही वरचं. आणि सोक्कलिंगमची मुलगी कयल हट्टाला पेटली होती, लग्न करीन तर याच मुलाशी.

सोक्कलिंगम न्हाणीघराकडे पळाले. कडी हातातून निसटली. गच्चीची शिडी धरली, तीही निसटली. केळीमागे दडायला गेले आणि घसरत पुन्हा दगडापाशीच आले. तेवढ्यात पाय धुवायला वेलायुदम लंगडत आले.

"कोण रे तू?"

"मालिशवाला," सोक्कलिंगम म्हणाले.

"मग ठीक. तेल हा तुझा धंदा, तुझा अपशकुन धरत नाहीत. जरा हा गुडघा बघ. फार सुजलाय."

सोक्कलिंगमनी चोळायला घेतलं. गप्प बसले असते तर ते सोक्कलिंगम कसले. "यात अँटिऑक्सिडंट असतात. सूज उतरते."

"कुणाची उतरली?"

"उंदरांची. संशोधन झालंय."

वेलायुदमनी विचार केला. "उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. डोक्यालाही लाव."

डोकं चांगलं चपचपीत झालं, तोच कयल बादली घेऊन आली. "अप्पा, पाणी तापलं..." आणि तिथेच थिजली.

वेलायुदम ताडकन उठले. "अप्पा? म्हणजे तुम्ही मुलीचे वडील? या अवतारात?"

"डोकं माझं तेलकट आहे, साहेब," सोक्कलिंगमनी तेलकट हात जोडले. "पोरीचा त्यात काय दोष?"

"ते काही नाही. हे लग्न..."

मागच्या दारात वेलायुदमांची बायको उभी राहिली. "ठरलं. आम्ही दोघींनी सोयरिकीचं तांबूल बदललं."

"मला न विचारता?"

"तुम्ही होतात कुठे? आणि तिथेच थांबा. शुभकार्याच्या घरात तेलकट डोकं घेऊन येऊ नका."

दार लागलं. वेलायुदमनी डोक्यावरून हात फिरवला, बोटं पाहिली.

सोक्कलिंगम दगडावर थोडे सरकले. "बसा, व्याही. अर्धा तास जिरायला हवं."