बकरी उतरवण्याची मान्यताप्राप्त पद्धत

कर्जत तालुक्यातल्या एका शाळेत नववीची मुलं हसत असल्याचं मंगळवारी तिसऱ्या तासाला निदर्शनास आलं. तास भूमितीचा होता, त्यामुळे प्रकरण गंभीर होतं. वर्गशिक्षक कमळाकर सरांनी चौकशी केली, तेव्हा हसण्याचा उगम दुसऱ्या बाकावरच्या रूपापाशी सापडला.

"उभी राहा. काय चाललंय?"

"सर, मोबाइलवर एक खेळ आहे. त्यातल्या ठकूची बकरी पाण्याच्या टाकीवर चढलीय, तिला खाली आणायचं. दिसेल त्या वस्तूवर बोट टेकवायचं, वस्तू पिशवीत येते, मग कुठली कुठे लागते ते बघायचं. मी लोणच्याची बरणी हवालदाराच्या नाकाखाली धरली. तो शिंकला, टोपी उडाली. ती बकरीला घातली की तिला वाटतं आपणच हवालदार, आणि ती ड्यूटीवर जायला खाली उतरते!"

वर्ग पुन्हा फुटला. सर हसले नाहीत. 'सर्जनशील विचार' या विषयावर एक उपक्रम राबवून महिनाअखेर अहवाल पाठवा, असं पत्र त्यांच्या टेबलावर तीन आठवडे पडून होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा तर उपक्रम आहे."

आठ दिवसांत समिती झाली. खेळाला वीस गुणांचं प्रात्यक्षिक लागलं. कुंभिवलीच्या एका कारखान्याने पहिल्या येणाऱ्यासाठी टॅब जाहीर केला. ते ऐकून रूपा बाकावरच उडाली. घरात मोबाइल एकच, आईचा. आई कळंबच्या रिसॉर्टवर कामाला. ती आली की संध्याकाळी वीस मिनिटं तो रूपाला मिळे. काचेला आडवा तडा, त्यामुळे बकरी कायम दोन तुकड्यांत. टॅब मिळाला तर अख्खी बकरी! आणि या खेळात तिचा हात धरणारं शाळेत होतं कोण?

पण आधी जर्नल आलं. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. साहित्य: बरणी एक, हवालदार एक. डाव्या कोऱ्या पानावर बकरीची पेन्सिलीने सुबक आकृती, भागांना नावं देऊन. रूपाच्या बकरीची शिंगं प्रमाणात नसल्याने तिला ते पान पुन्हा काढावं लागलं. मग शेलूच्या एका क्लासने 'चौदा पायऱ्यांत बकरी' हे गाईड काढलं. हवालदार का शिंकला? सकारण लिहा. गुण तीन. खेळ अभ्यासक्रमात आल्यामुळे तो शाळेत खेळायला बंदी झाली. उजळणीसाठी पीटीचा तास गेला. आता वर्गात कुणीच हसत नव्हतं. अहवालात सरांनी नोंद केली: शिस्तीत लक्षणीय वाढ.

घरी चंद्रभागाआजी नातीच्या खांद्यावरून बघत बसायची. तिने आयुष्यभर बकऱ्या राखलेल्या. एकदा तिला राहवेना.

"काय गं पोरी, बरणी न् टोपी करत बसलीस? बकरी वर चढली ना, मग गप ऱ्हायचं. कटाळली की येल आपसूक खाली."

"आजी, हा गेम हाय!"

"बकरीला म्हाईत हाय का ते?"

रूपाने हात मांडीवर ठेवले. सात मिनिटं दोघी नुसत्या बसल्या. टाकीवरच्या बकरीने जांभई दिली, इकडेतिकडे पाहिलं, शिडीवरून टुकुटुकु उतरली आणि डुलक्या घेणाऱ्या हवालदाराची टोपी खाऊन टाकली. आजी-नात हसून हसून आडव्या झाल्या. हे गाईडात नव्हतं. टॅब आपलाच, हे रूपाला त्याच क्षणी कळलं.

प्रात्यक्षिकाला खालापूरहून बाहेरचे परीक्षक आले. रूपा कॉम्प्युटरपुढे बसली आणि हाताची घडी घातली.

"सुरू कर," सर म्हणाले.

"सर, सुरूच आहे."

सातव्या मिनिटाला बकरी उतरली, टोपी खाल्ली. परीक्षक ठो करून हसले, मग घाईघाईने रुमाल लावून खोकले.

"चौदा पायऱ्या कुठायत?" सरांनी विचारलं.

"पण सर, बकरी उतरली!"

"उतरली हे कोण नाकारतंय? तू उतरवलीस, याला पुरावा काय? मॉडेल उत्तरात बरणी आहे."

"बरणीशिवायच उतरली, सर."

"मग ती नियमबाह्य उतरली."

परीक्षकांनी तोंड उघडलं, वेळापत्रकाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. अजून एकोणचाळीस बकऱ्या उतरवायच्या होत्या.

टॅब वर्गातल्या स्वराजला मिळाला. त्याने चौदाच्या चौदा पायऱ्या स्वल्पविरामांसह म्हटल्या होत्या. नंतर सरांनी हौसेने त्यावर खेळ उघडून दाखवला, तेव्हा स्वराजने पडदा नीट न्याहाळला आणि अदबीने विचारलं, "सर, यातली बकरी कुठली?" टॅब खराब होऊ नये म्हणून त्याच्या वडिलांनी तो खोक्यासकट कपाटात ठेवला.

निकालाच्या दिवशी रूपा घरी पोचली. आजी दारातच बसली होती.

"काय गं, ते परीक्षेचे साहेब हसले का?"

"हसले, आजी. लय हसले!"

आजीला तेवढं पुरलं. तुमच्या मनात मात्र मघापासून वेगळाच प्रश्न आहे: वीसपैकी किती पडले? शाळेच्या गेटपासून घरापर्यंत पंधरा जणांनी रूपाला हेच विचारलं होतं. तुम्ही सोळावे.