दोन वल्ह्यांचा खेळ

राऊतकाकांनी माझ्या पिठल्याला संदेश विचारला, तेव्हा मला लग्न होऊन बोईसरला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. शेजारधर्म म्हणून मी वाटीभर पिठलं नेऊन दिलं. त्यांनी दारातच बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "चव चांगली हाय, वहिनी. पण यातून संदेश काय?"

मी विट्याकडची. आमच्याकडे पिठल्यातून ठसका जातो, संदेश जात नाही. "संदेश असा की घरातली भाजी संपली," मी म्हटलं. काका एकदम खूश झाले. "हां. आता कसं नीट खाता येईल."

वसंत राऊत मूळचे एडवणचे. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, खिशाला कायम टेस्टर लावलेला. आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहायचे. पालघरला जाऊन सिनेमा बघून आले की जिन्यातच निकाल सांगायचे, "तीन तास मारामारी, संदेश शून्य." बारशाला गेले की पाळण्यात वाकून बघायचे आणि बाळाच्या आत्याला विचारायचे, "नाव ठेवलंत, बरं केलंत. पण यातून संदेश काय?" मी दारात रांगोळी काढायला बसायच्या आधी समोरचं दार बंद आहे ना, ते बघून घ्यायची. ठिपके कमी पडले तर चालतील, संदेश कमी पडायला नको.

सोसायटीच्या तिन्ही बिल्डिंगांत त्यांनी रंगवलेल्या पाट्या होत्या. टाकीवर 'थेंब थेंब मोलाचा'. जिन्यात 'राग आला तर पायऱ्या मोजा'. कचऱ्याच्या पिंपावर 'मलाही मन आहे'. ही शेवटची पाटी वाचून पोरं पिंपाला नमस्कार करून जात.

तुम्ही म्हणाल, वैतागच होता की. होता. पण पहिल्याच वर्षी मला ताप आला आणि आमचे हे नाइट शिफ्टला होते. सकाळी कडी वाजली. दार उघडलं तर माणूस नाही, उंबऱ्यापाशी तांदळाच्या पेजेचा टोप आणि त्याच्या झाकणावर खडूनं लिहिलेलं, 'पेज प्या, ताप घालवा'. ताप उतरेपर्यंत रोज टोप येत राहिला, आणि झाकणावर रोज नवी ओळ. माहेरापासून इतक्या लांब कुणी माझ्यासाठी पेज शिजवेल असं मला वाटलं नव्हतं. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि पेज हा त्यातला लहान उपकार. मोठा पुढे सांगते.

सोसायटीच्या गणपतीचा देखावा काकांकडे असायचा. देखाव्याला संदेश लागतोच, त्यामुळे ते दहा दिवस म्हणजे काकांची दिवाळी. एका वर्षी त्यांनी व्यसनमुक्तीचा सांगाडा केला. गाडीच्या वायपरची मोटर लावून त्याच्या हातातली विडी तोंडाशी न्यायची होती. मोटरचा वेग जरा जास्त झाला आणि सांगाडा दहा दिवस स्वतःच्या मुस्कटात मारत राहिला. काका म्हणाले, "चाललंय ते बरोबर हाय. पश्चात्ताप."

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं दुकान निघालं आणि सगळी पोरं तिथे विमानं पाडायला जाऊ लागली. त्याच सुमारास काकांनी कॉलनी सोडून चाललेल्या एका इंजिनिअरकडून टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्यात प्रोग्रॅम भरायला त्याला टेपरेकॉर्डरवरून कॅसेट ऐकवावी लागे. कॅसेट मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखी ओरडायची, आणि मग पडद्यावर चित्र यायचं. काकांनी पुस्तक आणून, ड्यूटीवरून आल्यावर बसून, त्याला काम सांगायला शिकून घेतलं. तेव्हा मंडळानं ठरवलं की यंदाचा देखावा म्हणजे व्हिडिओ गेम. गोष्ट आपली, खेळायला पब्लिक.

गोष्ट कुठली, यासाठी मीटिंग बसली. महिला प्रतिनिधी म्हणून मी होते, म्हणजे चहा माझ्याकडे होता.

चेअरमन चुरींना पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. ते म्हणाले, "एक शूर पुढारी घ्या. समोर भ्रष्टाचाराचा राक्षस. पुढाऱ्याच्या हातात झेंडा दाखवा. रंग मी सांगतो."

शिंदे युनियनचे. त्यांनी कप खाली ठेवला. "राक्षस म्हंजे मालक पायजे. आन् मारणारा कामगार. झेंड्याचा रंग मीबी सांगतो."

आमचे हे सहसा बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले. "दिवसभर साहेबाचं ऐकून माणूस घटकाभर खेळायला येणार. तिथेही भाषण? खेळाला खेळ राहू द्या की."

"म्हणजे नुसती विमानं पाडायची?" शिंदे म्हणाले. "त्यात राजकारण न्हाई व्हय? ज्याला पाडतो त्यो कोण, ह्ये न इचारणं, ह्येच मोठं राजकारण."

मला शिंद्यांचं पटलं. मग ह्यांचंही पटलं. चुरींचं तेवढं पटलं नाही, पण त्यांनीच वर्गणी गोळा केली होती. अखेर सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. बाळाच्या नावाला संदेश विचारणारा माणूस कुणाच्या बाजूनं बोलणार, यात शंकाच नव्हती.

काका टेस्टरचं टोपण काढत-लावत बसले होते. म्हणाले, "राक्षस कोण ते तुमी दोघं आधी ठरवा. मग करतो."

त्यावर दोघे तासभर भांडले, राक्षस काही ठरला नाही. चहा दोनदा झाला. काका उठता उठता एवढंच म्हणाले, "आमी इतक्या पाट्या लावल्या. एक कळलं हाय. पाटी माणूस वाचतो, पण शेजाऱ्यासाठी वाचतो. स्वतःसाठी कोण वाचत नाय."

जेवताना मी ह्यांना म्हटलं, आज काकांना झालं तरी काय? ह्यांच्या खात्यात एडवणचा एक जण होता, त्याच्याकडून ह्यांना कळलं होतं ते त्यांनी सांगितलं. काकांना मधुकर नावाचा धाकटा भाऊ होता. गावातल्या घरी तो आणि त्याची पानवेलीची वाडी. कधीतरी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मधुकर उभा राहिला, आणि काका समोरच्या पॅनेलचे. काकांनी भर सभेत भाषण केलं, तत्त्वापुढे भाऊ मोठा नाही म्हणून. टाळ्या पडल्या. मधुकर पडला. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं नाही. घरचा गणपती मधुकरकडे बसतो, म्हणून काका गणपतीला गावी जात नाहीत.

मी इतकी वर्षं समजत होते की देखाव्याच्या हौसेपायी हा माणूस इथे थांबतो.

गणपती बसले आणि पडदा उघडला. टीव्हीवर निळी खाडी, पलीकडे एक घर, घरापाशी दोन माड, आणि अलीकडे एक होडी. राक्षस नाही, झेंडा नाही, पाटी नाही. दोन माणसांनी कीबोर्डच्या दोन टोकांना बसायचं. डावीकडच्याचं बटण म्हणजे डावं वल्हं, उजवीकडच्याचं उजवं. सूर्य बुडायच्या आत होडी घराला लावायची. एवढाच खेळ.

पहिला मान चुरी आणि शिंद्यांना. दोघांनी अशी बटणं बडवली की टेबल हललं. होडी जागच्या जागी गरगर फिरत राहिली आणि सूर्य बुडाला. पुन्हा बसले, पुन्हा फिरली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मशीन बिघडलंय तुमचं," चुरी म्हणाले. "आणि तो एक माड वाकडा काढलाय, तो सरळ करा."

"मशीन बरोबर हाय," काका म्हणाले. "माड तसाच हाय."

दुसऱ्या दिवशी आमचा नंबर. आता तो मोठा उपकार सांगते. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. आमच्यात भांडण नव्हतं, भांडायला बोलावं लागतं. हे शिफ्टवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. मी घर ओढायची आणि आतल्या आत धुमसायची. खेळायला बसलो आणि आमची होडीही भोवरा झाली.

काका मागे उभे होते. "वहिनी, तुमी जास्त मारताय."

"मग काय करू? घरी पण सगळं मीच मारते," माझ्या तोंडून निघून गेलं. आख्ख्या मांडवानं ऐकलं.

"म्हणून तर फिरते," काका शांतपणे म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळले. "आणि साहेब, तुमी झोपलात काय? त्या थांबल्यात तुमच्यासाठी. मारा." हे कानापर्यंत लाल झाले. पण मारलं. मी थांबले, हे मारतात का बघितलं, मग मी मारलं. होडीनं नाक सरळ केलं. सूर्याची कोर शिल्लक असताना ती घराला लागली, तेव्हा ह्यांनी चारचौघांत माझ्या हातावर टाळी दिली. घरी येऊन आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो. कशाबद्दल ते आठवत नाही. पण तिथून आम्ही बोलू लागलो ते आजतागायत, आणि त्याबद्दल मी राऊतकाकांची जन्माची ऋणी आहे.

मग सगळी सोसायटीच शिकली. जो जोरकस असतो त्यानं थांबायचं, हे कुणी लिहिलं नव्हतं, पण पोरांनाही दोन डावांत कळायचं. नवापूर, शिरगावकडूनसुद्धा लोक होडी बघायला येऊ लागले. फक्त काका कधी खेळले नाहीत. गर्दी पांगली की कधीकधी एकटेच दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबत बसायचे. होडी सुतासारखी सरळ जायची. ती घराला लागायच्या आत ते टीव्ही बंद करायचे.

सातव्या दिवशी संध्याकाळी रांगेत एक गृहस्थ दिसले. पांढरा सदरा, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात विड्याच्या पानांची जुडी. नाक थेट काकांचं. ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. खात्यातल्या त्या एडवणकराजवळ ह्यांनीच खाडीचं, घराचं आणि माडांचं वर्णन केलं होतं, आणि ते जिथे पोचायचं तिथे पोचलं होतं. घरच्या गणपतीचं विसर्जन आटोपून मधुकर प्रसाद घेऊन आला होता.

त्याचा नंबर आला. तो डाव्या टोकाला बसला, डबा मांडीवर. उजवी जागा रिकामी. काका कॅसेटच्या वायरीशी उगाच खटपट करत राहिले. बाकी कुणाला काही माहीत नव्हतं, पण मला राहवेना.

"काका, त्यांना जोडीदार नाही," मी म्हटलं. "तुम्हीच बसा."

ते बसले. एकमेकांकडे बघितलं नाही, दोघेही पडद्याकडे बघत होते.

"वाकडा माड अजून उभा हाय," मधुकर म्हणाला.

काकांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा. इतरांना आठवडाभर शिकवणारा माणूस चुरींसारखं बटण बडवू लागला. होडी गरगर फिरायला लागली. पब्लिक हसलं. सूर्य पाण्याला टेकला.

"दादा," मधुकर अगदी हळू म्हणाला, "थांब ना जरा."

काकांनी बटणावरचा हात उचलला. तो हात तसाच अधांतरी राहिला. डावं वल्हं पडलं. होडीचं नाक वळलं.

"आता तू," मधुकर म्हणाला.

उजवं पडलं. मग डावं. मग उजवं. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मागून चुरींना गंमत सुचली. इतकी वर्षं वाट पाहून त्यांना आयतीच संधी मिळाली होती. "काय हो राऊतकाका," ते मोठ्यानं म्हणाले, "पण यातून संदेश काय?"

काकांनी मान वळवली नाही.

"गप ऱ्हावा जरा," ते म्हणाले. "होडी घराला लागते हाय."