पान नंबर सात

सांगून ठेवते, मराठी टायपिंगमध्ये माझा हात धरणारं शहापूर तालुक्यात कोणी नाही! एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. वारस नोंद, उत्पन्नाचा दाखला, नावात बदल, काहीही आणा. समोरचा माणूस "आमचा बा गेला" एवढंच म्हणतो, आणि माझी बोटं "अर्जदाराचे वडील दिनांक अमुक रोजी मयत झाले असून" इथवर पोचलेली असतात. सहा वर्षांत ही सवय इतकी अंगात भिनली की परवा मी आईला मेसेज केला, "सदर भाजीत मीठ कमी आहे." आईने अजून उत्तर दिलेलं नाही.

तर या हातांनी मी एप्रिलमध्ये एक अनुवाद केला, आणि त्या अनुवादाने तानसा धरणाच्या अंगाचं एक अख्खं गाव उठवलं.

दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तिघं एक खेळ खेळतो. मी, डेअरीतला दिपेश आणि धसईहून मोटारसायकल हाणत येणारा भावेश. खेळ असा की मी गोष्ट सांगायची, या दोघांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि कुठे अडलं की फासा टाकायचा. फाशाला बाजू वीस! भावेश मांत्रिक आहे. दिपेश गेली तीन वर्षं वनचर, म्हणजे रानात राहणारा, रानाची खडान्‌खडा माहिती असणारा माणूस. प्रत्यक्षात तो तानसाच्या जंगलात एकदा चुकला होता आणि फोन करून रडला होता, पण ते असो.

या खेळाचं जाड पुस्तक असतं, नियमांचं. परदेशातली कंपनी आता नवं पुस्तक काढणार होती आणि त्यातली बारा पानं तिने लोकांनी आधी बघावीत म्हणून इंटरनेटवर टाकली होती. तीस दिवसांत मतं कळवा म्हणाली. आमच्याकडे दोन आठवडे दुसरा विषय नव्हता! फक्त दिपेशचं इंग्रजी जरा हळू चालतं. तो म्हणाला, "मनस्वी, मराठीत कर ना. तुझा हात फास्ट हाय."

केलं! दोन दिवसांत बारा पानं. पण माझ्या हातांना एकच मराठी येते. वनचरांचं पान नंबर सात असं उतरलं:

"वनचर वर्गातील पात्रांना यापूर्वी देण्यात आलेली 'रानाची ओळख' ही सवलत रद्द करण्यात येत आहे. पातळी पाच गाठताच वनचराने आपले मूळ रान सोडणे बंधनकारक राहील. वनचरास यापुढे एकच प्राणी बाळगता येईल. सदर प्राणी मृत झाल्यास आठ तासांनी नवीन प्राणी उपलब्ध होईल. वाद उद्भवल्यास निर्णय वीस बाजूंच्या फाशाने घेण्यात येईल. हा मसुदा असून हरकती व सूचना तीस दिवसांत पाठवाव्यात."

मला तर वाचून समाधान वाटलं. इंग्रजीपेक्षा भारदस्त!

शनिवारी सकाळी दिपेशची प्रत छापत होते, तेवढ्यात सकुबाई आल्या. सकुबाई म्हणजे साठीच्या पुढची, एकटी, कडक बाई. धरणाच्या वरच्या अंगाला रानातल्या एका तुकड्यावर नाचणी-वरी करतात. तो तुकडा कागदावर त्यांच्या नावाने व्हावा म्हणून दावा टाकलेला, तो एकदा फेटाळला गेलेला, आणि आता मंगळवारी शेवटची सुनावणी. सोबत साक्षीला धोंडीमामा, गावातलं सगळ्यांत जुनं माणूस. ते तसेच पुढे नाशिकला लेकीकडे निघाले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, चांगले पंधरा दिवस.

मी टायपिंगला बसले. "अर्जदार सदर जमिनीवर…"

"थांब गो बाय!" सकुबाई म्हणाल्या. "मी बोलते तसाच लिव. मागल्या टायमाला तुमच्या त्या 'सदर'मध्ये माझा रान मलाच वळखू आला नाय."

अर्जात बोलीभाषा! दुकानाचं नाव जायचं. पण त्या ऐकेनात. मग त्या बोलत गेल्या आणि मी, खरं सांगते, बोटांनी ऐकलं. कान दिपेशच्या प्रतीकडे होते. जबाबाची तीन पानं झाली. प्रत्येक पानावर खाली दोघांचे अंगठे. शाई वाळायला पानं बाकावर मांडली. त्याच बाकावर दिपेशची बारा पानं. बाहेर मामांची गाडी लागली, सकुबाईंनी घाई केली, वर पंखा फुल्ल! पानं खाली पडली, मी गोळा केली, दोन गठ्ठे केले, पिना मारल्या, एक सकुबाईंना दिला, एक दिपेशसाठी ठेवला. एवढंच झालं.

संध्याकाळी आमच्या ग्रुपवर दिपेशचा मेसेज आला. "पान सात वाचला. डोल्यात पानी आला."

आता तुम्हीच सांगा, कोणत्या माणसाला बरं वाटणार नाही?

भावेशने लगेच लिहिलं, "पान सात? अरे तिथं तर कंपनीनी तुझा वाटोला केलाय! रानाची ओळख काढून टाकली!"

"तुला वाचता येत नाय," दिपेश म्हणाला. "वनचर काय असतो ते कंपनीला पयल्यांदा कळलाय. 'पानी चढला तसे आमी एकेक बांध वर सरकलो.' असा कोन लिवतो रे?"

"माझ्या पानावर असा कायच नाय."

"तुझा काळीज दगडाचा हाय, म्हणून तुला दिसत नाय!"

दोघांची अशी जुंपली की भावेशने ग्रुप सोडला. ती ओळ माझ्या बोटांना ओळखीची वाटत होती, पण कौतुक चालू असताना तपासायला कोण बसतं? मी लिहिलं, "अनुवादात थोडं स्वातंत्र्य घ्यावंच लागतं." पुढे नमस्काराचा हात.

रविवारी सकाळी फोन वाजला. सकुबाईंचे शेजारी अनंता. गावात कोणताही कागद आला की तो अनंतानेच वाचायचा, असा रिवाज. "मनस्वीताय, ह्यो नवीन जीआर तुज्याच दुकानातून आलाय ना? गाव गोला झालाय. तू ये." पाठोपाठ फोटो आला. फोटोत माझं पान सात.

आधी मी हसले. मग स्कूटी काढली, आणि तानसाचा फाटा येईपर्यंत हसू पार गेलं होतं.

गावात देवळाच्या ओट्यावर पन्नास माणसं जमलेली. अनंता मध्ये उभा राहून अर्थ सांगत होता. "बगा, 'पात्रांना' लिवलाय. म्हंजे जे पात्र ठरले त्यांचा पन रद्द! अपात्रांचा तर इचारूच नका. आनी ही पातळी म्हंजे धरनाची. पानी पाचला पोचला का आपन बाहेर!"

"आनी फासा?" कोणीतरी विचारलं.

"फासा टाकून निकाल लावनार."

"मंग आता काय वेगला लावतात?" असं एक म्हातारा म्हणाला आणि कोणी हसलं नाही.

सगळ्यांत मोठा वाद प्राण्याचा. एकच ठेवायचा तर गाय की बैल? एका घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं होतं. उलट एक म्हातारी कलमाच्या पूर्ण बाजूने होती. "मेली म्हस आठ तासांनी नवीन मिलते, चांगलाच हाय ना! ह्या कलमाला कोनी हरकत घेवू नका!" अनंताने वहीत दोन रकाने पाडले होते, हरकती आणि सूचना. हरकती एकेचाळीस. खरं सांगू? त्या वाचून मला आमच्या ग्रुपची लाज वाटली. आम्ही दोन आठवडे नुसते "मस्त" आणि "फालतू" करत होतो. या लोकांनी एकेक शब्द उलटा करून पाहिला होता. नियम म्हणजे काय असतो ते त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

सकुबाई मात्र ओट्यावर नव्हत्या. त्या आपल्या अंगणात बसल्या होत्या. आजूबाजूच्या शेतांत रोपांसाठी रचलेले पालापाचोळ्याचे राब भाजून काळे झाले होते. सकुबाईंचा पालापाचोळा रचून तयार होता, पण पेटवलेला नव्हता.

"राब नाय भाजला?" मी विचारलं.

"भाजून काय करू गो? रान सोडायचाच हाय तर रोपा कोनासाठी?"

मी ओट्यावरच्या सगळ्यांना हाक मारली आणि अंगणात, पन्नास माणसांसमोर, सांगून टाकलं. हा जीआर नाही. हा खेळ आहे. वनचर म्हणजे दिपेश. प्राणी खोटा, पातळी खोटी, फासा खरा आहे पण प्लास्टिकचा आहे. चूक माझी.

अनंताने वही मिटली. मग ती म्हशीवाली म्हातारी म्हणाली, "म्हंजे म्हस नाय?" आणि मला रडूच आलं.

सकुबाई माझ्याकडे बघत होत्या. शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी एकच विचारलं. "तुजा पान माझ्याकडं आला. मंग माझा पान कुठं हाय?"

माझं रडू तिथल्या तिथे थांबलं. मंगळवारी सुनावणी. मधल्या पानावर धोंडीमामांचा अंगठा. मामा नाशिकला, डोळ्यावर पट्टी. नवीन पान छापलं तरी तो अंगठा आणायचा कुठून? साक्षीदाराच्या अंगठ्याशिवाय जबाब धरत नाहीत, हे मीच दिवसातून दहादा लोकांना सांगते. मी दिपेशला फोन लावला.

"पान सात कुठे आहे तुझं?"

"हाय ना, फ्रेम करनार होतो."

"घेऊन ये. आत्ता!"

दिपेश अर्ध्या तासात आला. पान सुखरूप होतं. फक्त वरच्या कोपऱ्यात त्याने लाल पेनाने ठसठशीत लिहिलं होतं, "एक नंबर!!"

"आणि हे खाली दोन अंगठे? तेही दिसले नाहीत तुला?"

"मला वाटला वनचरांच्या कुलाची मुद्रा हाय," दिपेश म्हणाला.

गाव आता हसायला लागलं होतं. अनंताने विचारलं, "एवढा काय आवडला रे तुला त्यात?" तर दिपेशने पान हातात घेतलं आणि वाचायलाच लागला. खेळात वाचतो तसा, मोठ्याने.

"माझ्या आजेसासऱ्यानी ह्यो रान हातानी दगड येचून केला. पानी चढला तसे आमी एकेक बांध वर सरकलो. पयली चूल आता पान्यात हाय. मी नवी नवरी आले तवा सासू बोलली, जा, रानाला सांगून ये तू आलीस. रानाला काय सांगू? मी एक दगड उचलला नि बांधावर ठेवला. मंग दर सालाला, राब भाजायच्या आदी, एक मोटा दगड ठेवीत गेले. त्यो बांध मोजा, म्हंजे मी कदीपासून हितं हाय ता कलंल."

मी हे सगळं टाइप केलं होतं. एकही शब्द ऐकला नव्हता. लोकांचं आयुष्य माझ्या बोटांतून जातं आणि माझ्यापर्यंत पोचत नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

सकुबाईंनी पदराने तोंड पुसलं. "ह्यो मी बोलले? मंगलवारी ह्या पोराला हाफिसात आना. मला साहेबासमोर एवढा बोलता नाय येनार." मग उठल्या, आत जाऊन काडेपेटी आणली आणि आमच्या सगळ्यांदेखत राब पेटवला. धूर थेट आमच्या तोंडावर आला, पण कोणी हललं नाही.

मंगळवारी आम्ही सगळे तालुक्याच्या कार्यालयात. दिपेशने डेअरीतून सुट्टी घेतलेली, इस्त्रीचा शर्ट. भावेशही आला होता. दोघं बोलायला लागले होते. साहेब तरुण होते, पण चेहरा दमलेला. त्यांनी गठ्ठा चाळला आणि मधल्या पानावर थांबले. लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"यावर आधीच कोणीतरी अनुकूल शेरा मारलेला दिसतोय."

मी खाली बघितलं. दिपेशने वर बघितलं.

"वाचा," साहेब म्हणाले. दिपेशने वाचलं. शेवटी चष्मा काढून साहेब कारकुनाला म्हणाले, "गुरुवारी जागेवर जाऊ. मी स्वतः येतो. त्या बांधातले दगड मोजायचेत."

सकुबाईंनी माझा हात घट्ट धरला. इतका घट्ट की माझी टायपिंगची दोन बोटं बधिर झाली.

मग साहेब म्हणाले, "आजी, सहा महिने मी या टेबलावर एकच जबाब वाचतोय, फक्त नावं बदलतात. हा वेगळा आहे. कोणी करून दिला तुम्हाला?"

मी ओढणी सारखी केली. अर्धं पाऊल पुढेही टाकलं.

सकुबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "करून कोन देनार, साहेब? ह्यो माझाच हाय. हिनी फकस्त हरवला होता."

कारकून इमानदार माणूस. जे ऐकेल ते टाइप करत होता. निघताना सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत मिळाली, ती मी बाहेर झाडाखाली वाचली. "सदर जबाब अर्जदाराचा स्वतःचा असून, त्यातील एक पान कु. मनस्वी गोजर यांच्याकडून गहाळ करण्यात आले होते."

फार शोधलं. एक चूक नव्हती हो टायपिंगमध्ये!