बिबट्याचा काळा पट्टा

बाळांनो, एका जंगलात सशांना पळता येत असूनही कराटेचा क्लास होता. हसू नका. तुमच्या आईवडिलांनीही तुम्हाला असल्याच कुठल्यातरी क्लासला घातलं असेल.

क्लास धुंडिराजसरांचा. सर म्हणजे पोट सुटलेला म्हातारा ससा. ते फक्त काता शिकवत. काता म्हणजे ठरलेल्या पावलांची लढाई. समोर शत्रू नसतो. तो आहे असं धरून आधी डावीकडे वळायचं, वार अडवायचा, ठोसा मारायचा. मग उजवीकडे. अशा सत्तावीस हालचाली, आणि शेवटी वाकून नमस्कार. पोरं घाम गाळत. सर दगडावर बसून आकडे मोजत.

टिकली नावाच्या सशिणीने पिवळ्या पट्ट्यावरच क्लास सोडला होता. एकदा तिने विचारलं होतं, "सर, शत्रू आधी उजवीकडून आला तर?"

"येत नाही," सर म्हणाले होते. "परंपरा आहे."

एक दिवस झुडपातून बिबट्या आला. म्हातारा, लंगडत.

"सर, गुडघे गेले हो. दम लागतो. पळताच येत नाही, तर खाणार काय?"

सर फुलले. बिबट्या आपल्याला सर म्हणतो!

"काता करा. खाली बसून उभं राहिलात की मांड्या भरतात. ठोशाबरोबर श्वास सोडलात की दम टिकतो. वळून वळून तोल येतो. आणि भूक? अहो, कडकडून लागते!"

टिकली बांधावरून ओरडली, "सर, ज्याच्यासाठी काता शिकायचा तो हाच! त्यालाच कशाला धडधाकट करताय?"

"अर्धवट सोडणाऱ्यांनी मध्ये बोलू नये," सर म्हणाले.

क्लास बघायला जमलेल्या पोरांच्या काका-मामांनी माना डोलावल्या. "वाया गेलेली पोरगी."

टिकली मैदानाच्या कडेला बीळ खणू लागली.

बिबट्या मन लावून शिकला. सहा महिन्यांत गुडघे वाजायचे थांबले. सरांनी स्वतःच्या हाताने त्याला काळा पट्टा बांधला. तेवढ्यात त्याचं पोट गुरगुरलं.

"सर, तुमचे उपकार. खरंच कडकडून लागलीय." तो पुढे सरकला.

"थांब!" सर किंचाळले. "पहिला हल्ला डावीकडून असतो!"

"चुकलो, सर." बिबट्या निमूटपणे डावीकडे गेला. शिस्तीचा विद्यार्थी.

सर वळले, अडवलं, ठोसा मारला. नवव्या हालचालीला अडखळले. बारा वर्षं नुसते आकडेच मोजलेले!

"आता उजवा पाय, सर," बिबट्याने आठवण करून दिली.

तोवर टिकली एकेका पोराला बिळात ढकलत होती. काका-मामा न सांगताच घुसले होते.

सत्तावीस झाल्या. दोघे समोरासमोर वाकले. नजर जमिनीवर, नियमच तो. टिकलीने सरांचे कान धरले आणि खेचलं. पोट बिळाच्या तोंडाशी अडकलं. आतून पोरांनी जोर लावला, तेव्हा सर बुचासारखे सुटले.

"पाहिलंत? कातामुळे वाचलो!" सर धापा टाकत म्हणाले. "आणि टिकले, नमस्कारही पुरा होऊ दिला नाहीस. संस्कार म्हणून नाहीत."

बाहेर बिबट्या पुन्हा पहिल्यापासून काता करत होता. मांड्या काय भरल्या होत्या!

तात्पर्य: काता रोज करावा. गुडघे, दम आणि भूक उत्तम राहते. कुणाची, हे मोठ्यांना विचारू नये, त्यांचा अपमान होतो. आपण आपलं बीळ खणावं, आणि त्यांच्या पोटाच्या मापाने जरा रुंदच खणावं.